चार आणे झोका

"अव्वा, असा पाळणा उभ्या बिदर जिल्ह्यात कुनी बघितला नसंल! दोरी न्हाई, दोरी वढनारं न्हाई, अन् दोरीवरनं भांडान बी न्हाई. बटन दाबलं की हलला!"

चिटगुप्प्यातल्या आपल्या घराच्या माजघरात उभं राहून नागप्पाने ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या हातात पाना होता, कानावर पेन्सिल होती आणि कपाळावर आठी होती. पाना आणि पेन्सिल कामापुरते. आठी जन्मापासूनची! नागप्पा बिदरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रक्टर होता. पोरांनी तारेला सोल्डरिंगचा डाग जास्त दिला की त्याला राग यायचा, कमी दिला तरी यायचा, आणि बरोबर दिला तर "मग काल कामून जमलं न्हाई रे?" म्हणून यायचा. सुट्टीत तो चिटगुप्प्याला आईकडे येई, ते बिदरमध्ये रागवायला कुणी उरलं नाही म्हणून, असं गल्लीतले लोक म्हणत.

त्याची आई सिद्धव्वा उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होती. तिने मान वर करून पाळण्याकडे पाहिलं. तुळईला साखळ्यांनी टांगलेला सागवानी पाळणा, त्याच्या बाजूला भिंतीत ठोकलेली भंगारातल्या बसच्या वायपरची मोटार, मोटारीपासून पाळण्यापर्यंत एक लोखंडी दांडा, वर छोट्या दिव्यांची माळ, कोपऱ्यात माशा हाकलायला एक पंखा, आणि हे सगळं जिथून निघालं होतं ते स्टुलावरचं, बॅटरीला जोडलेलं बोर्ड आणि तारांचं जंजाळ.

"त्ये समदं खरं," ती म्हणाली. "पर उद्या तू तोंड उघडनार न्हाईस न्हवं?"

नागप्पाची आठी आणखी खोल गेली. कारण खरा प्रश्न पाळण्याचा नव्हताच. खरा प्रश्न त्याच्या तोंडाचा होता.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीचं, नागम्माचं लग्न झालं, कमठाण्याच्या गुरप्पांच्या घरी. गुरप्पा म्हणजे फेट्यातला जमदग्नी. त्यांनी मांडवात पाहुण्यांचं स्वागत करायला माइक हातात घेतला, तोंडाला लावला, आणि भोंगा किंचाळला. नागप्पाला भोंग्याचं किंचाळणं सहन होत नाही. तो धावला आणि ओरडला, "तोंड लांब धरा की! अक्कल हाय का न्हाई?" माइक तोपर्यंत त्याच्याच हातात आला होता. त्यामुळे व्याह्यांच्या अकलेची ही चौकशी अख्ख्या चिटगुप्प्याने ऐकली!

तेव्हापासून गुरप्पांनी सून माहेरी पाठवली नाही. नागपंचमीला गल्लीतल्या पोरी झोके घेत आणि सिद्धव्वा दार लावून आत बसून राही. आता पहिलं बाळंतपण, ते माहेरी झालंच पाहिजे, म्हणून कमठाण्याच्या चार म्हाताऱ्यांनी गुरप्पांना बसवून समजावलं आणि नागम्मा आली. मुलगा झाला. पण गुरप्पांचा निरोपही आला: बाळाला पाळण्यात घालायच्या दिवशी येतो. कार्यक्रम गोड झाला तर सून राहील, पंचमी करून येईल. वाकडं काही झालं तर ओल्या बाळंतिणीसकट त्याच जीपमधून परत! जावई फौजेत, त्याला रजा नाही. म्हणजे मधे पडणारंही कुणी नाही.

नागम्माने भावाचा हात धरून सांगितलं होतं, "अण्णा, एक दिस. फकस्त एक दिस राग गिळ."

आता राग गिळायचा तर राग यायचं कारणच उरू नये, असा नागप्पाने विचार केला. पाळण्याच्या कार्यक्रमात भांडण कुठे होतं? दोरीवर! दोरी आधी कुणी ओढायची, कुणी किती वेळ ओढली, कुणाला मिळालीच नाही. तेव्हा दोरीच काढून टाकावी! मोटार हलवील, कुणाचा मान नाही, कुणाचा अपमान नाही. पाळणा आणणं मामाचं काम, तेव्हा मामाने आपल्या अकलेप्रमाणे आणला. कल्पना इतकी सुंदर होती की ती ऐकून कुणी टाळ्या का वाजवल्या नाहीत, याचाही त्याला थोडा राग आला होता.

"पर मोटार लई जोरात फिरंल की," सिद्धव्वा म्हणाली. "लेकरू हाय त्ये."

"हितंच तर गंमत हाय!" नागप्पा तिच्यासमोर उकिडवा बसला. "ऐक. मोटारीला अर्धी वीज द्यायची नसती. अर्धी दिली की ती जागेवर बसून गुरगुरती. द्यायची तर पुरी, न्हाईतर कायच न्हाई. घडीत पुरी, घडीत बंद. परत पुरी, परत बंद. इतकं झपाझपा की तिला बी कळत न्हाई आपुन बंद कवा झालो! चालू कमी अन् बंद जास्त ठिवलं की हळू फिरती. चालू जास्त ठिवलं की जोरात."

"म्हंजी तुज्यासारखंच की. एक तर पुरा भडकतोस, न्हाईतर घोरतोस."

"अव्वा!"

"बरं, सांग. किती चालू अन् किती बंद, ते कोन बघनार?"

नागप्पाने स्टुलावरच्या जंजाळात बसलेल्या एका काळ्या, गोमेसारख्या पायांच्या चिपेकडे बोट केलं. "ही. इंटरफेस चिप म्हन्तात हिला. ती शेजारची प्रोसेसर, ती साहेब. मोटार म्हंजे गडी. साहेब काय गड्याच्या मागं हुबा ऱ्हात न्हाई, म्हनून मधी ही मुकादम. सोळा आन्यांचा एक रुपया धर. ही आत बसून मोजायली, एक आना, दोन आने, तीन आने... चार हुईपर्यंत मोटार चालू. चार झाले की बंद. सोळा झाले, रुपया भरला, की परत एकापासून. सेकंदात शंभर रुपये मोजती!"

"शंभर?" सिद्धव्वाने लसूण खाली ठेवला.

"नुसते मोजायचे, अव्वा, द्यायचे न्हाईत! अन् चार आने म्या ठरवले. ह्या बटनांनी आकडा घातला की झालं. सहा घातले तर सहा, धा घातले तर धा. एक तार तोडायची न्हाई. एकदा सांगितलं की साहेब झोपला तरी मुकादम काम सोडत न्हाई. मधीच साहेब अडखळला अन् पाळणा थांबून लेकरू जागं झालं तर? म्हनून म्या साहेबाचं रिसेट बटन मुकादमाला जोडलंच न्हाई!"

हे शेवटचं वाक्य तो फार अभिमानाने बोलला.

त्या मुकादमाच्या हाताखाली तीन गडी होते. मोटारीला चार आणे, दिव्यांच्या माळेला तीन आणे म्हणजे उजेड मंद, आणि पंख्याला दोन आणे. पंखा मूळचा कुठल्याशा मोठ्या यंत्राला गार ठेवणारा होता, त्याला पुरा सोडला तर चूल विझली असती. दोन आण्यांत मात्र तो बाळाच्या जावळावरून हात फिरवल्यासारखा वारा घाली. आणे ज्याचे त्याचे वेगळे, पण रुपया तिघांचा मिळून एकच. चिपेत मोजणारा एकच ना! हे नागप्पाला झोपेतही ठाऊक होतं. रागात मात्र नव्हतं.

बाळाच्या वजनाइतकी ज्वारी फडक्यात बांधून त्याने पाळण्यात ठेवली आणि बटण दाबलं. पाळणा असा हलला, असा हलला, की सिद्धव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्वारीलासुद्धा झोप लागली असती!

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात आली. आधी गुरप्पांचा फेटा उतरला, मग गुरप्पा, मग त्यांची थोरली मुलगी लक्ष्मम्मा, म्हणजे बाळाची आत्या, आणि तिच्यामागून कमठाण्याच्या सात-आठ बायका. लक्ष्मम्माच्या हातात रेशमी दोरी होती. लाल, पिवळी, गोंडे लावलेली. तिने ती पंधरा दिवस बसून स्वतः वळली होती. पाळण्याची पहिली दोरी ओढायचा मान आत्याचा!

तिने पाळणा पाहिला. दांडा पाहिला. मोटार पाहिली. मग हातातल्या दोरीकडे पाहिलं.

"मास्तर, दोरी कुटं बांदायची?"

"दोरी लागत न्हाई, अक्का," नागप्पा अत्यंत गोड आवाजात म्हणाला. गोड आवाजाची सवय नसल्यामुळे तो घसा बसल्यासारखा निघाला. "आपोआप हलतो."

"मग म्या कशाला आले?"

या प्रश्नाचं उत्तर चिपेच्या कुठल्याही पिनेवर नव्हतं. नागप्पाच्या तळपायाची आग गुडघ्यापर्यंत आली. इतक्या अकलेने भांडणाचं मूळ उपटलं, तर ही बाई मुळासाठीच भांडायली! त्याने ती आग तिथेच दाबली आणि हसला. ते हसणं बघून एक म्हातारी दोन पावलं मागे सरकली.

ओसरीतून गुरप्पांचा आवाज आला, "मास्तर! त्ये काय म्हनावं, हिरीवरची मोटार माजघरात आनलाव व्हय? लेकराला झोपवायचं हाय का त्याला पानी पाजायचं हाय?" आणि स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच दणदणीत हसले. आग कमरेपर्यंत आली. नागप्पा तांब्याभर पाणी प्यायला. पुढे दुपारपर्यंत तो एक घागर पाणी प्यायला, असं सिद्धव्वा सांगते.

तरी सगळं निभावलं असतं. बायका पाळण्याभोवती बसल्या. नागम्मा बाळाला मांडीवर घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी बसली होती आणि भावाकडे डोळे लावून होती. विभूतीचं ताट आलं, नारळ आला, घुगऱ्या आल्या. ओसरीत दाराला लागूनच हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या गोड खिरीचं, भलंमोठं पातेलं निवायला ठेवलं होतं आणि त्याच्या राखणीला असल्यासारखे गुरप्पा बाजेवर बसले होते. आत बायकांचं काय चालतं ते बघायला पुरुषांनी जायचं नसतं. नागप्पा यंत्रवाला म्हणून तेवढा आत, स्टुलाच्या मागे.

"चला, घाला लेकराला," तो म्हणाला आणि बटणावर बोट ठेवलं.

"असं कसं? आदी वरवंटा!" लक्ष्मम्मा म्हणाली.

नागप्पाचं बोट तिथेच राहिलं. वरवंटा! बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा झोपवायचा, त्याला कुंची घालायची, काजळ लावायचं, पाळणा म्हणायचा. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून. लहानपणापासून त्याने दहा वेळा पाहिलं असेल. पण तेव्हा तो घुगऱ्या खात होता, वजनं करत नव्हता!

सिद्धव्वाचा वरवंटाही साधा नव्हता. लग्नाच्या पुरणाचा पाटा, त्याचा तो वरवंटा. एका हाताने उचलत नसे. लक्ष्मम्माने तो दोन्ही हातांनी उचलून नव्या कोऱ्या जरीच्या कुंचीत गुंडाळला, गालाच्या जागी तीट लावली आणि पाळण्यात ठेवला. साखळ्या करकरल्या. नागप्पाने बटण दाबलं.

मोटार गुरगुरली. पाळणा जागचा हलला नाही.

"पाळना रुसला गं बाई!" एक बाई म्हणाली. बायका हसल्या.

नागप्पाने सहा आणे घातले. गुरगुर. आठ घातले. जास्त गुरगुर. दहा! दांडा थरथरला, पाळणा थरथरला, वरवंट्याची कुंची थरथरली, पण झोका काही येईना.

"मास्तर," लक्ष्मम्मा दोरीचा गोंडा बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्हनत असाल तर बांदू का दोरी?"

बायका पुन्हा हसल्या. ओसरीतून गुरप्पा ओरडले, "पानी लागलं का न्हाई अजून?"

आग छातीपर्यंत आली आणि तिथून सरळ डोक्यात गेली. नागप्पा तोंड उघडणार नव्हता. शब्द दिला होता. पण बोटांनी शब्द दिला नव्हता! एवढ्या झपाझप चालू-बंदमध्ये मोटारीला जोर धरायला वेळ मिळत नाही, हे त्याला कळत होतं. उपाय सोपा. मोजणाऱ्याला सावकाश मोजायला लावायचं. रुपयाच लांबवायचा, म्हणजे चालूची प्रत्येक घडी लांब होईल आणि मोटारीला एक दणका बसेल. थोडासाच लांबवायचा होता. पण रागाच्या भरात बटणं दाबताना एक शून्य जास्त पडलं, मग आणखी एक पडलं, आणि त्याच तिरीमिरीत त्याने आकडा चिपेच्या पोटात लोटून दिला.

रुपया आता सेकंदात शंभर वेळा भरत नव्हता. एक रुपया भरायला चांगली दोन-तीन सुस्कारे टाकण्याइतकी फुरसत लागत होती. म्हणजे मोटारीचे दहा आणे हे आता झपाझप नव्हते. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ सलग, पुरी, अंगात आल्यासारखी वीज! आणि रुपया तिघांचा एकच होता.

पहिला रुपया सुरू झाला. माळेतले मंद दिवे डोळे दिपतील असे पेटले. पंख्याने आयुष्यात पहिल्यांदा पुरा श्वास घेतला. समोर विभूतीचं ताट होतं. त्याच्या पलीकडे लक्ष्मम्मा होती, आणि पाळणा म्हणायला तिने नुकतंच तोंड उघडलं होतं. पुढच्या क्षणी तिथे लक्ष्मम्मा नव्हती, पांढऱ्या ढगातून दोन डोळे दिसत होते! आणि मोटारीने दांडा असा हाणला की पाळणा तुळईपर्यंत गेला.

मग सगळं एकदम शांत. दिवे गेले, पंखा थांबला, पाळणा आपल्या भाराने मागे-पुढे होऊ लागला. बायकांनी हुश्श केलं. लक्ष्मम्मा मात्र हट्टाची! विभूती थुंकून, डोळे मिटून तिने पाळण्याची पहिली ओळ धरली. वाटलं होतं त्याहून तिचा आवाज फार गोड होता.

नागप्पाने रिसेट दाबलं. बोर्डावरचे लाल आकडे विझले. साहेब झोपला. मुकादमाने ढुंकूनही पाहिलं नाही! दुसरा रुपया सुरू झाला. दिवे, वारा, दणका! घुगऱ्या चौफेर उडाल्या. एका म्हातारीने भिंतीला पाठ लावली.

"बंद हो!" नागप्पा चिपेवर ओरडला.

लक्ष्मम्मा दुसऱ्या ओळीवर होती. ती थबकली.

"बंद हो म्हनलो न्हवं! अक्कल हाय का न्हाई? एकदा सुरू झाली की थांबायचं नावच न्हाई! बंद! बंद!"

तीन वर्षं गिळलेलं सगळं त्या 'बंद'मध्ये होतं. पाळणा म्हणणारी एकटी लक्ष्मम्मा होती. आणि त्या खोलीतल्या एकाही बाईला, हा माणूस एका काळ्या तुकड्याशी बोलतोय, असं वाटायचं काही कारण नव्हतं.

"अप्पा!" लक्ष्मम्माने टाहो फोडला. "ह्यो मला गानं बंद कर म्हनायलाय! अक्कल काढायलाय!"

गुरप्पा बाजेवरून उठले. त्याच वेळी तिसरा रुपया सुरू झाला. पाळणा आधीच झोक्यात होता, त्यात हा दणका बसला, आणि वरवंटा पाळण्यातून निघाला. जरीच्या कुंचीत, गालाला तीट लावून, काजळ घालून तो बायकांच्या डोक्यांवरून, दारातून, ओसरीत गेला.

गुरप्पांना वरवंट्याचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी जन्मात कधी आत डोकावलं नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की घरातून जरीची कुंची उडत आली आणि हुग्गीच्या पातेल्यात पडून बुडाली.

"माझा नातू!"

तसा आवाज नागप्पाने अजून कुणाचा ऐकलेला नाही. फेटा एकीकडे पडला, जोडा एकीकडे गेला, आणि फेट्यातला जमदग्नी पातेल्यावर आडवा पडून दोन्ही हात खांद्यापर्यंत हुग्गीत घालून चाचपू लागला. "बाळ! बाळ रे! घावला, घावला!" त्यांनी ते वर काढलं, छातीशी धरलं, तोंडावरची हुग्गी धोतराने पुसली. ते लहान पोरासारखे रडत होते. पुसता पुसता खाली काळा दगड दिसू लागला.

 आत नागप्पाने बॅटरीची तार हिसकून काढली होती. गुरप्पा दगडाकडे पाहत राहिले. आधी त्यांचा जीव परत आला. जिवाच्या मागोमाग राग आला!

"जीप काढा," ते म्हणाले. मग घर हादरलं. "जीप काढा म्हनतो! बाळातीन उठवा! ह्या घरात माझा नातू एक घडी ऱ्हानार न्हाई! आदी माझी अक्कल काडला, आता माझ्या लेकीची काडला, अन् वर माझ्या अंगावर दगूड टाकला!"

"म्या अक्काला बोललोच न्हाई!" नागप्पा आतून धावत आला. आता तोंड उघडलंच होतं, तर ते मिटायचं कशाला! "म्या चिपेला बोललो! तिला रिसेट जोडलं नव्हतं!"

"यंत्राला अक्कल हाय का म्हनून इचारतोस? यंत्राला कान हायत व्हय?"

"मग मानसाला तरी कुटं हायत! मघाधरनं हिरीची मोटार, हिरीची मोटार करायलाव! तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळत न्हाई?"

"न्हाई कळत!"

"बसा खाली! दोघं बी!"

हा तिसरा आवाज कुणाचा, ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. नागम्मा दारात उभी होती. डोक्याला फडकं, खांद्यावर बाळ. या मुलीचा आवाज शेजारच्या घरात कधी गेला नव्हता. आता तो चौकापर्यंत गेला असावा, कारण समोरच्या दुकानातली दोन माणसं बाहेर आली.

"तीन वरसं!" ती म्हणाली. "तीन वरसं म्या पंचमीला कमठान्याच्या दारात बसून रस्ता बघितले. कशापायी? एकाला माइक धरता आला न्हाई अन् एकाला तोंड धरता आलं न्हाई! लेकरू माझं. कळा सोसल्या म्या. अन् कुनी ठिवायचं, कुनी न्यायचं, त्ये तुमी दोघं ठरवनार? म्या सांगते आता. म्या हितंच ऱ्हानार, पंचमी करून जानार. मामंजी, तुमाला जायचं तर जावा."

गुरप्पांच्या हातातून वरवंटा घसरला. लक्ष्मम्मा पदराने विभूती पुसत पुढे आली. आता ही सुनेला फाडून खाते, असं सगळ्यांना वाटलं.

"म्या बी जेवूनच जानार," ती म्हणाली. "नाव ठिवायचं हाय अजून. अप्पा, जीप ऱ्हाऊ द्या. आमाला लागंल."

गुरप्पांनी लेकीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, फेटा उचलला आणि पायऱ्या उतरून चालू लागले. चालताना दोनदा मागे वळून पाहिलं. बोलवायला कुणी निघालं नव्हतं.

नागप्पाचा ऊर भरून आला. बहीण राहिली! पंचमीपर्यंत राहिली! त्याच्या कपाळावरची आठी, बघणाऱ्यांनी शपथेवर सांगितलं, पूर्ण गेली. "नागम्मा," तो म्हणाला, "बघ तू आता, पंचमीला तुला असा झोका करून देतो..."

"अण्णा, तू बी जा."

"आं?"

"पंचमी हुईपर्यंत ह्या घरात दिसू नगस. बिदरला ऱ्हा. अन् ती तुजी मुकादमीन बी घेऊन जा."

त्याने आईकडे पाहिलं. सिद्धव्वा पातेल्यातल्या हुग्गीचा वरचा थर काढून टाकण्यात फार गुंतली होती. मागे लक्ष्मम्माने दांडा उपटून रेशमी दोरी बांधलीसुद्धा होती.

चिटगुप्प्याच्या बसस्टँडवर त्या दुपारी एकच बाक सावलीत होता. नागप्पा बोर्ड, मोटार आणि पंखा घेऊन तिथे पोचला, तर त्या बाकावर गुरप्पा बसलेले. दुसरीकडे बसायचं तर उन्हात. तो दुसऱ्या टोकाला बसला. बिदरची गाडी यायला वेळ होता. दोघे समोरच्या भिंतीकडे रागाने पाहत राहिले. मधूनमधून दोघांचीही नजर गल्लीकडे जात होती. कुणी येत नव्हतं.

"नाव काय ठिवलं?" शेवटी गुरप्पांनी भिंतीला विचारलं.

"म्हाईत न्हाई," नागप्पाने भिंतीला सांगितलं.

"जेवलास?"

"न्हाई. तुमी?"

"न्हाई." गुरप्पांनी दंडावर वाळलेला एक कण नखाने काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडात टाकला.  "हुग्गी झकास झालती," मग ते म्हणाले.

 नागप्पाने मान फिरवली.

"पंचमीला जेवायला यावं म्हन्तो," गुरप्पा म्हणाले. "नातू बी बघून हुईल."

"या की, पाव्हनं," नागप्पा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खरोखर गोड निघाला.

गुरप्पांनी फेटा नीट केला आणि त्याच्याकडे वळून नीट निरखून पाहिलं.

"तू नसशील न्हवं घरात?"

"न्हाई."

"मग येतो."